वाढीचं बोट

माझ्या टेबलापाशी माप द्यायला आलेल्या पोरांना कोणी "कसं वाटतंय?" असं विचारलं की माझं डोकं फिरतं. कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. एखादा नवा कारागीर चुकून विचारतो आणि मग दिवसभर माझ्या तोंडाचा पट्टा ऐकतो. अरे, हा काय प्रश्न झाला? समोर आई डोळ्यांत प्राण आणून बसलेली, बाप हात जोडायच्या बेतात, कारागीर घामाघूम. कुठलं पोर म्हणेल की वाईट वाटतंय म्हणून? गेल्या आठवड्यात एका बाईंनी तर मुलीने तोंड उघडायच्या आतच सांगून टाकलं, "अगदी झकास बसलाय हो." मी म्हटलं, "बाई, पाय तुम्ही घालणार आहात का?" त्या रागावल्या. रागावू देत. मी काही इथे गोड बोलायचा पगार घेत नाही.

आमचा कारखाना पाय बनवतो. ज्यांचे स्वतःचे गेलेत त्यांच्यासाठी. वर सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग, मध्ये दांडा, खाली रबराचं पाऊल. माझा डावा पाय गुडघ्याखाली वीतभर उरलाय. बाकीचा मी सहा वर्षांची असताना गेला. लंगडीच्या खेळात मला आजवर कोणी हरवू शकलेलं नाही, असं मी शाळेत सांगायचे आणि पोरींना हसावं की नाही ते कळायचं नाही. मला मजा वाटायची.

माझे बाबा तेव्हा शिंपी होते. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शाळेचे गणवेश शिवायचे, तेही शेकड्याने. पोरांचे कपडे शिवायची त्यांची एक रीत होती. वर्षाच्या सुरुवातीला दिलेला स्कर्ट वर्षाच्या शेवटालाही गुडघ्याला पोचला पाहिजे, म्हणून ते खाली आतल्या अंगाला एक बोटभर कापड जास्त दुमडून ठेवत. टाके मुद्दाम सैल. पोर वाढलं की आयांनी घरच्या घरी उसवायचं. त्या दुमडीला ते वाढीचं बोट म्हणायचे. मास्तरांचा गणवेश घ्या, पोरगी मोठी होईल पण स्कर्ट आखूड होणार नाही, अशी त्यांची ख्याती होती.

एकदा ते गणवेशांचे गठ्ठे शाळेत पोचवायला स्कूटरवरून निघाले. मागे गठ्ठा बांधला होता आणि गठ्ठ्यावर मी. मीच हट्ट केला होता, असं आई म्हणते. बाबा म्हणतात की नाही, मीच बसवलं. वळणावर गठ्ठा सरकला आणि मागून टेम्पो येत होता. मला त्यातलं काही आठवत नाही. बाबांना सगळं आठवतं, आणि बाबांना सगळं आठवतं हेच आमच्या घराचं दुखणं होऊन बसलं.

माझा पहिला पाय घ्यायला ते या कारखान्यात आले आणि इथेच राहिले. म्हणजे खरंच राहिले. दुकान बंद केलं, शिलाई मशीन विकलं आणि इथल्या मुकादमांच्या हाताखाली पायांचं काम शिकायला लागले. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, झाडू मारण्यापासून. माझा पाय दुसऱ्या कोणी बनवलेला त्यांना चालणार नव्हता. मशीन गेलं, पण टेप गळ्यात राहिली आणि कापडावर खुणा करायचा खडू शर्टाच्या खिशात.

आता कारखान्याचा नियम असा की एका माणसाला वर्षाला एकच पाय. वाट बघणाऱ्यांची यादी लांबच लांब, दुसरं काय करणार? पण वाढतं पोर वर्षभर थांबतं थोडंच. सहा महिन्यांत पाय आखूड पडायला लागतो. बाबांनी आपल्या डोक्याने तोड काढली. ते माझा पाय एक बोट लांब बनवायचे आणि उजव्या बुटात तेवढ्याच जाडीचं चामडं घालायचे. दोन्ही बाजू सारख्या. सहा महिन्यांनी मी वाढले की बुटातलं चामडं काढून टाकायचं. म्हणजे तेच ते, वाढीचं बोट. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ना.

मुकादमांना ते पसंत नव्हतं. "मास्तर," ते म्हणायचे, "पाय म्हणजे परकर नव्हे. कापड उसवता येतं, हाड उसवता येत नाही." पण सहा महिन्यांनी चामडं काढायच्या वेळी ते स्वतः मला उभं करायचे, कमरेला दोन्ही बाजूंनी हात लावून बघायचे आणि मगच मान डोलवायचे. खोटं कशाला बोलू, सहा ते तेरा वर्षं मी सुतासारखी सरळ होते.

दर वर्षी माझ्या वाढदिवसाच्या आसपास माप व्हायचं. चांगला पाय, म्हणजे उजवा, गुडघ्याच्या वाटीपासून जमिनीपर्यंत मोजायचा, कारण डावाही तेवढाच व्हायला हवा. बाबा खाली बसायचे, टेप लावायचे आणि झटकन आकडा घेऊन उठायचे. माझ्या चांगल्या पायाकडे ते कधी नीट बघायचे नाहीत. थोट्या पायाला तासन्‌तास हात लावून बसतील, प्लास्टर लावतील, फोड आला तर फुंकर घालतील, पण उजव्या पायाकडे बघायचं म्हटलं की नजर टेपवर. मी पायात मोजा घालून उभी राहायचे, कारण कारखान्याची फरशी गार असते. त्यांनी मोजा काढ म्हणून कधी सांगितलं नाही.

आकडा घेतला की तो ते कारखान्याच्या दाराशेजारच्या भिंतीवर खडूने लिहायचे, आदल्या वर्षीच्या वर. मग दोन पावलं मागे जाऊन बघायचे आणि म्हणायचे, "वाढतेय माझी पोर." वर्षातून तेवढा एक दिवस बाबा रात्री जेवताना बोलायचे. कुठल्या तरी हेडमास्तरांनी पँट उलटी घातल्याची गोष्ट सांगायचे, दर वर्षी तीच, आणि आई दर वर्षी नव्याने हसायची. मला तो दिवस माझ्या वाढदिवसापेक्षा आवडायचा.

बाराव्या वर्षी मला पाळी आली. आईने मला मोरीशी नेलं, काय करायचं ते सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "बाबांपाशी यातलं काही बोलायचं नाही." मी काय जाहिरात देणार होते? पण आमच्याकडे गोष्टींची वाटणी अशी होती. आईच्या गोष्टी आईकडे, मापाच्या गोष्टी बाबांकडे, आणि मध्ये मी.

मी तेरा वर्षांची असताना मुकादमांची नजर गेली. ते मुलाकडे राहायला गेले आणि त्यांच्या जागी बाबाच आले. तोवर मी वर्गात सगळ्यांत उंच झाले होते. आई मला ताड म्हणायची. "ए ताडा, वरचा डबा काढ." मला फार बरं वाटायचं. लंगडी म्हणण्यापेक्षा ताड शतपट चांगलं.

चौदाव्या वर्षीचं माप झालं आणि आकडा तोच आला. आदल्या वर्षीचाच. बाबांनी पुन्हा टेप लावली. टेप झटकली, पुन्हा लावली. मग भिंतीकडे गेले, खडू टेकवला आणि काही न लिहिता परत खिशात टाकला.

"वाढ खुंटली," ते म्हणाले. माझ्याशी नाही, भिंतीशी. "एका पायावर कशी वाढेल पोर. माझ्यामुळे खुंटली."

मी म्हटलं, "बाबा, होतं असं." पण होतं म्हणजे काय होतं ते मलाही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी हेडमास्तरांची गोष्ट झाली नाही. बाबा जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. खाटेच्या कडेला बसून होते, गळ्यात टेप, हात मांडीवर. आईने ताट नेऊन ठेवलं, परत आणलं, पुन्हा नेलं. शेवटी तिने मला स्वयंपाकघरात ओढलं. तिचे डोळे सुजले होते आणि ती रागावली होती, नेहमी रागावते तशीच, रडू आलं की.

"आठ वर्षं मी या माणसाला सांभाळतेय," ती म्हणाली. "कसा उठून उभा केलाय माझं मला माहीत. तू काय करायचं ते कर, पण हा माणूस परत असा बसायला नको."

चौदा वर्षांच्या पोरीला असं सांगितलं की ती काय करणार? तिसऱ्या दिवशी बाबा उपाशीच कामावर गेले, त्यांच्या मागोमाग मीही कारखान्यात गेले. फरशीवर चामड्याचे तुकडे पडलेले असतात, त्यातला एक उचलला आणि मोज्यात टाचेखाली सरकवला. मग बाबांना म्हटलं, "परवा मी वाकडी उभी होते. परत घ्या ना माप." त्यांनी घेतलं. आकडा थोडासा सरकला होता. पाव बोट असेल. बाबा कितीतरी वेळ टेपकडे बघत राहिले आणि मग भिंतीपाशी गेले. त्या रात्री ते जेवले. हेडमास्तरांची पँटही निघाली.

मला वाटलं, चला, सुटलो. आपण किती हुशार, असंही वाटलं. आणि अजून एक कबूल करते, कारण आता लपवून काय उपयोग. मलाही वाढायचं होतं. भिंतीवरचा तो नवा आकडा खोटा आहे हे मला ठाऊक होतं तरी शाळेत जाऊन मी सांगितलं की मी अजून वाढतेय.

पंधराव्या वर्षी चामड्याचे दोन तुकडे लागले, सोळाव्या वर्षी तीन. एकदा सुरू केलं की थांबायचं कुठे? थांबलं की वाढ खुंटली. आणि त्या खोट्या मापावर बाबा आपलं वाढीचं बोट आणखी वर चढवायचे. सहा महिने झाले की बुटातलं चामडं काढून घ्यायचे, अगदी न चुकता, तारीख बघून. कमरेला हात लावून बघणारे मुकादम आता नव्हते. बाबा फक्त विचारायचे, "कसं वाटतंय?"

"बरोबर आहे," मी म्हणायचे.

बरोबर कसलं, कपाळ! डावी बाजू वर, उजवी खाली. चालताना प्रत्येक पावलाला डाव्या बाजूने पायरी चढल्यासारखं व्हायचं. शाळेत जाताना मी कोपऱ्यावर थांबून बुटात वहीचा पुठ्ठा घालायचे. दुपारपर्यंत घामाने त्याचा लगदा व्हायचा. घरी यायच्या आधी तो काढून टाकायचा. सोळाव्या वर्षापासून कंबर दुखायला लागली, मग पाठ, मग मानेपर्यंत. रात्री आई पाठीला तेल चोळायची आणि म्हणायची, "या वयात कसली गं पाठ दुखते? अभ्यासाला वाकून बसतेस म्हणून." मी म्हणायचे हो. तिला दुसरं काही ऐकायचं नव्हतं आणि मला सांगायचं नव्हतं.

एक गोष्ट आठवली की आजही माझ्या अंगाची लाही होते. माझा शाळेचा स्कर्ट डावीकडून वर जायला लागला. बाबांच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं. इतकी वर्षं गणवेश शिवलेला माणूस तो. त्यांनी मला स्टुलावर उभं केलं, तोंडात टाचण्या धरून भोवती फिरले आणि म्हणाले, "हल्लीचं कापडच असलं. एका बाजूने आटतं." मग डावीकडची शिवण उसवून थोडी खाली घेतली. स्कर्ट सरळ झाला. पोरगी वाकडी झालीये हे त्यांना स्कर्ट ओरडून सांगत होता आणि त्यांनी स्कर्टच दुरुस्त केला. पुढच्या वर्षी पुन्हा केला.

मी अठरा वर्षांची झाले. मला रक्त तपासणीच्या कामाचं शिक्षण घ्यायचं होतं. दोन वर्षांचा कोर्स, दुसऱ्या शहरात, मोठ्या इस्पितळाला जोडलेला, राहायला वसतिगृह. मला तो का हवा होता ते उगाच साजूक शब्दांत सांगत नाही. मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं. बाबांचं मन, आईचं त्या मनावरचं पांघरूण आणि त्या दोन्हींना टेकू देणारी माझी टाच, या सगळ्यातून. ज्या गावात माझा आकडा भिंतीवर नाही अशा गावात. शेजारीपाजारी म्हणायचे, "शिक बाई, स्वतःच्या पायावर उभी राहा," आणि म्हणून झाल्यावर जीभ चावायचे. मी परीक्षा दिली. तीस जागांत माझा अकरावा नंबर लागला. पत्र आलं. एकच गोष्ट बाकी होती, डॉक्टरांचा दाखला. आईने नवी चादर आणली, ट्रंकेवर माझं नाव रंगवून घेतलं. बाबांनी वसतिगृहासाठी दोन शर्ट शिवले, शेजाऱ्यांचं मशीन मागून आणून.

दाखला देणारी डॉक्टर तरुण होती, माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठी. पाय बघितला. छातीचा एक्स-रे काढायला लावला, सगळ्यांचाच काढतात. तो आल्यावर मात्र तिने मला परत आत बोलावलं आणि दार लावलं.

"हे किती वर्षं आहे?"

"काय?"

तिने एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला. बरगड्या दिसल्या आणि मधून जाणारा कणा. सरळ रेघ मारता मारता कोणी कोपराला धक्का मारावा तसा तो एका बाजूला गेला होता आणि मग दुसऱ्या बाजूला परत आला होता. मला आधी वाटलं की दुसऱ्या कोणाचा एक्स-रे आहे.

तिने मला बूट घालून उभं केलं, कमरेला दोन्ही बाजूंनी हात लावले. मुकादम लावायचे अगदी तसेच. "पाय लांब आहे तुझा," ती म्हणाली. "थोडाथोडका नाही, चांगला दीड बोट. कोणी बनवला?"

"बाबांनी."

"आणि तुला पाळी कधी सुरू झाली?"

"बाराव्या वर्षी."

"मग चौदाच्या सुमाराला तुझी उंची थांबली असणार. मुलींची त्यानंतर फारशी वाढत नाही. साधी गोष्ट आहे गं. घरात कोणालाच माहीत नव्हतं?"

माहीत होतं ना. अर्धं आईला माहीत होतं, अर्धं बाबांना. दोघांच्या मध्ये मी चामड्याचा तुकडा घेऊन उभी होते.

मी विचारलं, "आता बरोबर मापाचा पाय घातला तर?"

"तेव्हा घातला असता तर," ती म्हणाली. "आता कणा तसाच पक्का झालाय. आणि या कामात सहा-सहा तास उभं राहावं लागतं. वर्षभरात तू आडवी होशील. मी सही केली तर तुझं वाईट करेन."

तिने कागदावर लिहिलं की दीर्घकाळ उभं राहण्याच्या कामास अपात्र. मी वाद घातला, विनवण्या केल्या, शेवटी तोंडाला येईल ते बोलले. तिने ऐकून घेतलं, पण लिहिलेलं खोडलं नाही. आज मला वाटतं की तिचं बरोबर होतं. तेव्हा तिचा गळा दाबावासा वाटला होता.

बसमध्ये उभ्याने आले. कोणीतरी जागा दिली तरी बसले नाही. कोणाकोणाचा राग आला सांगू? डॉक्टरचा, आईचा, मुकादमांच्या डोळ्यांचा. स्वतःचा तर होताच, आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. पण सगळ्यांत जास्त आला तो बाबांचा. दोन दिवस उपाशी बसायला काय जात होतं त्यांचं? मी ठरवलं की जायचं, एक्स-रे त्यांच्यासमोर टाकायचा आणि म्हणायचं, बघा, बघा तुमचं वाढीचं बोट.

दुपारची सुट्टी होती. बाबा कामाच्या टेबलापाशी एकटेच डबा उघडत होते. मी एक्स-रे टेबलावर टाकला आणि डॉक्टरने सांगितलं ते सगळं सांगितलं, पाळीचंसुद्धा, त्यांच्या तोंडावर, लाज गेली खड्ड्यात. दाखला मिळाला नाही हेही सांगितलं.

बाबांनी हात पुसले. एक्स-रे खिडकीच्या काचेला लावून धरला. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही, शिंप्याची नजर. गळ्यातली टेप काढून त्यांनी ती चित्रातल्या कण्यावर, वरपासून खालपर्यंत, सरळ धरली. कणा टेपेपासून कुठे सुटतो, किती सुटतो, कुठे परत येतो, ते बघितलं. मग खाली बसले.

"माझं माप चुकलं," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "दुसऱ्यांदा."

त्या एका शब्दाने माझा सगळा राग जागच्या जागी बसला. मी गप्प राहिले असते तर चालून गेलं असतं. चामड्याचं कोणालाच ठाऊक नव्हतं. हा माणूस तसाही सगळं स्वतःच्या माथी मारून घेणाराच होता, आणखी एक ओझं त्याला काय जड. क्षणभर मी तसा विचार केला, खोटं सांगत नाही. मग मला तो गठ्ठ्याचा दिवस आठवला, म्हणजे मला आठवत नाही तो दिवस. हट्ट कोणाचा होता हे बारा वर्षं ठरलं नव्हतं. या वेळी तरी ठरू दे, असं वाटलं.

"माप तुमचं नाही चुकलं," मी म्हटलं. "मी मोज्यात चामडं घालायचे. टाचेखाली."

त्यांना कळेना. "कधी?"

"दर वर्षी."

"कधीपासून?"

"तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता, तेव्हापासून."

बाबांनी डब्याला झाकण लावलं, उठले आणि मागच्या आवारात गेले. खिडकीतून मला दिसत होते. नळापाशी उभे होते, नळ सोडलेला, पाणी वाहून चाललेलं. मला वाटलं की संपलं, आता हा माणूस काही परत उभा राहत नाही, आणि आईला काय तोंड दाखवू.

ते परत आले. "बूट काढ," म्हणाले. "मोजाही काढ."

मी उजवा पाय गार फरशीवर ठेवला. बाबा खाली बसले आणि पहिल्यांदाच माझ्या चांगल्या पायाकडे बघितलं. नडगी, घोटा, पाऊल, बोटं, एकेक. हातात घेऊन बघितलं. मग माप घेतलं. भिंतीवर तेराव्या वर्षाच्या आकड्यापाशी जाऊन ताडून पाहिलं. तोच होता.

घरी आईला मी सगळं सांगितलं. ती आधी म्हणाली, "मला मेलीला काय ठाऊक, पाळीचा आणि पायाचा काय संबंध?" मग तिने ट्रंक उघडली, नवी चादर बाहेर काढली आणि माझ्या खाटेवर घातली. माझी जागा यादीतल्या एकतिसाव्या मुलीला मिळाली.

बाबांनी चार दिवसांत नवा पाय केला. बरोबर मापाचा, एक दोरा जास्त नाही. आयुष्यात त्यांनी बनवलेला सगळ्यांत चांगला पाय होता तो, मी आता या कामात आहे म्हणून सांगते. मी तो घातला, उभी राहिले, एक पाऊल टाकलं आणि डावीकडे कोसळले. बाबांनी धरलं. पुन्हा उभी राहिले, पुन्हा तेच. आठ दिवस रोज प्रयत्न केला. शरीर वाकड्याला सरळ समजायला शिकलं होतं. सरळ मापावर उभं राहिलं की डोकं गरगरायचं, मान दुखायची, दहा पावलांत घाम फुटायचा. डॉक्टरने पुन्हा बघितलं आणि म्हणाली की एवढं सगळं आता काढून घेता येणार नाही, राहू द्या थोडं. हाड उसवता येत नाही, हे मुकादम म्हणायचेच.

मग बाबांनी त्या चांगल्या पायाला पुन्हा एक बोट जोडलं. मी समोर बसले होते. त्यांनी दांडा कापला, तुकडा बसवला, कानस मारली. मला पाय चढवला, पट्टा आवळला, उठून उभे राहिले आणि सवयीने विचारलं, "कसं वाटतंय?"

"बरोबर" हा शब्द माझ्या तोंडात तयारच होता. चार वर्षांची सवय, आपोआप येतो.

"दुखतंय," मी म्हटलं.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता हे बसणार. आता डबा बंद होणार, आई स्वयंपाकघरातून लाल डोळे घेऊन येणार. बाबांनी खिशातून खडू काढला.

"कुठे?" ते म्हणाले.

मी कमरेशी हात नेला. त्यांनी तिथे शर्टावर एक फुली मारली. "आणखी?" मी थोडं वर दाखवलं. फुली. "आणखी कुठे?" मी दाखवत गेले, ते मारत गेले. खांद्याखाली, मानेशी, डाव्या कुल्ह्यावर, सॉकेटच्या आतल्या कडेला. खुणा जिथल्या तिथे पडत होत्या. अकरा झाल्या. मी रडत होते आणि ते म्हणत होते, "नीट सांग, घाई नाही."

चौदाव्या वर्षी सांगितलं असतं तरी त्यांनी हेच विचारलं असतं. खडू तेव्हाही खिशात होता.

त्या फुल्यांचं फारसं काही करता आलं नाही. पट्टा कुठे सैल केला, कुठे आतून मऊ चामडं लावलं, तेवढंच. मी तोच शर्ट घालून घरी गेले. वसतिगृहासाठी शिवलेला होता. आईने पाठीकडे बघून विचारलं की हे काय फासून घेतलंयस.

"बाबांनी माप घेतलं," मी म्हटलं.